मागच्या दाराचं चाक

२७ एप्रिल, रविवार

काम हातात घेतलं की पहिल्या दिवसापासून वहीत लिहायचं, ही आयटीआयमधली सवय. बत्तीस वर्षं वेल्डिंग शिकवलं, रोज मुलांकडून नोंदी करून घेतल्या. निवृत्तीनंतरची तीन वर्षं मात्र नोंद करावी असं कामच नव्हतं. आज मिळालं.

सृष्टी काल पेठहून आली. ती तिकडे डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहते, शनिवारी नाशिकला घरी. पाड्यांवर जायचे रस्ते कसले, म्हणून गेल्या दिवाळीत तिने जुनी चार-बाय-चार जीप घेतली. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर चढवलेले, त्यामुळे मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीही तेवढीच मोठी आणि जड.

"पप्पा, खड्ड्यात गाडी गेली की मागून खडाक खडाक वाजतं," म्हणाली.

दार उघडून पाहिलं. चाक जिथे बोल्टने धरलंय तिथे पत्र्याला बोटभर तडा. दार बिजागरीवर लोंबलंय. गॅरेजवाल्याने तिला सांगितलं होतं, तयार किट मागवा नाहीतर दारच बदला. मी म्हणालो, किट कशाला? दाराच्या आतून पाच मिलीमीटरची प्लेट बसवायची आणि तिच्यापासून दोन पट्ट्या दोन्ही बिजागऱ्यांपर्यंत न्यायच्या. मग चाकाचं वजन पातळ पत्र्यावर राहत नाही. एकूण चार जोड. वेल्डिंग मी करणार. बापाने बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, स्वतःच्या पोरीचं एक दार नाही का होणार?

सृष्टी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रागावलात का माझ्यावर?"

"कशाला रागावू?"

"नाही, चेहरा तसा वाटला."

मी तर चांगला खुशीत होतो.

पेन बदलायला हवं. ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होत जातं.

२९ एप्रिल, मंगळवार

सृष्टी पेठला बसने गेली, जीप माझ्याकडे ठेवून. दोन-तीन आठवडे उपकेंद्राची गाडी मिळेल म्हणाली.

चाक उतरवलं. उजवा खांदा महिनाभर आखडलाय, तो आज जास्तच बोलला. चाक पायावर पडता पडता राहिलं. आतलं पॅड काढून तड्याची दोन्ही टोकं शोधली. टोकाशी बारीक भोक पाडलं की तडा पुढे पळत नाही, हे मुलांना मी पहिल्याच वर्षी सांगायचो. भोक पाडलं. जरा बाजूला गेलं. ड्रिलचा बिट बोथट झालाय.

पुठ्ठ्याचा नमुना कापून दाराला लावून पाहिला. बरोबर बसतो.

बायको, सुवर्णा, बाजारातून आली ती ओरडतच. गॅसवर वरण करपून कोळसा झालं होतं आणि मी शेजारच्याच खोलीत होतो. "नाक आहे की नाही तुम्हाला?" म्हणाली. कामात होतो, लक्ष नव्हतं.

४ मे, रविवार

गोटीरामच्या वर्कशॉपमध्ये गेलो, अंबडला. गोटीराम माझा विद्यार्थी, वीसेक वर्षांपूर्वीचा. मूळचा पेठकडचाच. अभ्यासात कच्चा, लेखी परीक्षेत दोनदा आपटला, पण आज पत्र्याच्या शेडखाली सहा माणसं हाताखाली आहेत. मला पाहून हातातलं काम टाकून उठला, खुर्ची पुसून दिली.

नमुना दाखवला. त्याने प्लेट आणि पट्ट्या कापून, भोकं पाडून तासाभरात हातात दिल्या. कापणी सफाईदार. चहा आला. गोटीराम माझ्या कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, चार जोड तर हायेत. मीच मारून देतो ना इथं. उभ्या उभ्या होतील."

"माझं मशीन आहे घरी."

"मशीन हाये हो सर. पण इथं टेबल हाये, पकडायला शिकंजे हायेत..."

"गोटीराम, मला शिकवतोस का?"

तो हसला. पट्ट्या स्वतः रिक्षात नेऊन ठेवल्या. "जपून सर," म्हणाला. एवढ्या दोन पट्ट्यांना काय जपायचं!

९ मे, शुक्रवार

भंगारच्या तुकड्यांवर सराव केला. रॉड चिकटतो. झटकून काढावा लागतो, परत चिकटतो. रॉड दमट असणार, तीन वर्षं पडून आहेत. दुपारी उन्हात वाळवले. तरी तेच. मग व्होल्टेज पाहिलं. कॉलनीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे खरं आहे.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सुवर्णा आणि मी सकाळीच विहारात गेलो, पांढरे कपडे घालून. शर्टाची बटणं सुवर्णाने लावली, कारण मी उशीर करतो असं तिचं म्हणणं. वंदना झाली. मला ज्येष्ठ म्हणून मेणबत्ती लावायला बोलावलं. काडी तीनदा विझली. पंखा चालू होता. चौथ्या वेळी सुवर्णाने माझ्या हाताखाली हात धरला आणि लागली. मागे कुणीतरी "वहिनींशिवाय दादांचं पान हलत नाही," असं म्हणालं आणि लोक हसले. मीही हसलो. सुवर्णा हसली नाही.

१७ मे, शनिवार

आज चारही जोड मारले. जे झालं ते खरं लिहितो, ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

पहिला जोड बरा. दुसरा चालण्यासारखा. तिसऱ्याला हात भरून आला आणि रेघ वाकडी गेली. चौथा, म्हणजे खालच्या बिजागरीच्या पट्टीचा प्लेटकडचा, तो सगळ्यात जास्त वजन घेणारा. तो शेण थापल्यासारखा झाला. वर गोळे, बाजूला फटी. वर्गातल्या मुलाने असं काम टेबलावर ठेवलं असतं तर मी सगळ्यांसमोर ते हातोड्याने तोडून दाखवलं असतं.

तोडून परत करायला हवं होतं. होल्डर उचलला. उजवा हात आपला आपण नाचत होता, जणू माझा नाहीच. दहा मिनिटं बसलो. परत उचलला. परत तेच. खाली ठेवला.

मग ग्राइंडर मारला. गोळे घासून सपाट केले, फटीत लांबीची पुट्टी भरली आणि वर काळा रंग दिला, दोन हात. आता चारही जोड एकसारखे दिसतात. पाच मिलीमीटरची प्लेट आहे, बोल्ट आहेत, सगळा भार काही त्या एका जोडावर नाही. टिकेल.

मी दमलोय म्हणून असं झालं. झोप नीट होत नाही. सुवर्णा म्हणते झोपेत मी लाथा मारतो आणि आयटीआयतल्या पोरांवर ओरडतो.

१८ मे, रविवार

सृष्टी आली. दोघांनी मिळून प्लेट-पट्ट्यांची ती चौकट दारात बसवली, बोल्ट तिने आवळले, चाक चढवलं. दार धरून हलवलं. जराही हलेना, वाजेना. "वा पप्पा!" म्हणाली.

मग खाली वाकून त्या काळ्या रंगावरून तिने अंगठा फिरवला. कुठे फिरवला ते मी पाहिलं नाही, पाहावंसं वाटलं नाही.

"एकदा गोटीरामदादांना दाखवून घ्यायचं का? नुसतं आपलं..."

मी पाना पुसून पेटीत ठेवला. राग आला नव्हता. ती लगेच म्हणाली, "नको तर नको. तुम्ही केलंय म्हणजे झालंच."

जेवताना तिने माझा हात हातात घेतला आणि कोपरातून दुमडून-उघडून पाहत बसली, लहानपणी हापसा हलवायची तशी. म्हणाली, तिच्या ओळखीच्या एक मेंदूविकाराच्या डॉक्टर आहेत, सहज दाखवून येऊ. मी म्हणालो, खांदा आखडलाय, त्याला मेंदूचा डॉक्टर कशाला? तेल चोळून होईल. सुवर्णाने तिच्याकडे पाहिलं, तिने सुवर्णाकडे पाहिलं. मायलेकींचं आपसात काहीतरी चालू असतं.

संध्याकाळी जीप घेऊन ती पेठला गेली.

१ जून, रविवार

दोन आठवडे झाले. सृष्टी म्हणाली, "मागून आवाज अजिबात नाही." पाड्यांवरचे रस्ते, नाल्यातले दगड, सगळं जोडाने सोसलं. उगाच घाबरलो होतो. शेजारच्या दिवाकररावांना दार उघडून दाखवलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण मान हलवली.

११ जून, बुधवार

दुपारी अडीचला सृष्टीचा फोन. घाटात चाक निसटलं. तिला काही झालेलं नाही. मागून मोटरसायकल येत होती, तिच्यावरची बाई पडली. नाशिकला सिव्हिलमध्ये आणत आहेत.

आणखी लिहवत नाही.

१२ जून, गुरुवार

सिव्हिलमध्ये जाऊन आलो.

ती बाई म्हणजे विठाबाई. सृष्टीच्याच उपकेंद्राची आशा सेविका, पंचेचाळिशीची. सृष्टीबरोबर रोज पाडे हिंडते. काल लसीकरण आटोपून सगळे परत निघाले. पुढे जीप, मागे विठाबाईच्या नवऱ्याची, झुंबरची मोटरसायकल. उतारावर वळणाशी जीप खड्ड्यात आदळली, आणि चाक प्लेटसकट पत्रा फाडून खाली आलं. झुंबरने मोटरसायकल वळवली तरी तिचं पुढचं चाक त्या पडलेल्या चाकाला धडकलंच. त्याला खरचटण्यावर निभावलं. विठाबाई डांबरावर उजव्या खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागणार.

ती मला पाहून पदर सावरायला गेली आणि कळवळली. "बसा ना दादा," म्हणाली. "सिष्टीताईचं वडील ना तुम्ही? ताई लय रडली. तिला सांगा, तिचा काय दोष नाय."

झुंबरने प्लेट, सुटलेल्या पट्टीसकट, रस्त्यावरून उचलून पिशवीत आणली होती. सृष्टीने ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "पप्पा, हे कसं झालं? प्लेट कच्ची होती का गोटीरामदादांकडची?"

प्लेट शाबूत होती. चौथा जोड सुटला होता. पट्टी प्लेटपासून सोलून निघाल्यासारखी वेगळी झालेली, दोन्ही बाजू चकचकीत. लोखंड लोखंडाला लागलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. त्याने भार घेतला नाही म्हणून वरचा जोड गेला, मग फाटला तो पत्रा. दोन सेकंदात कळलं मला.

मी म्हणालो, "बघावं लागेल."

सृष्टीने तिथूनच गोटीरामला फोन लावला, स्पीकरवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "व्हय ताई. माझ्याकडूनच काय तरी राहिलं असंल. मी येतो बाईला बघायला."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

१५ जून, रविवार

विठाबाईचं ऑपरेशन काल झालं. सहा आठवडे हात गळ्यात, तीन महिने वजन उचलायचं नाही.

गोटीराम घरी आला. प्लेट मागितली. खिडकीपाशी नेऊन उलटीपालटी करून पाहिली, सुटलेल्या जागेवर नख फिरवलं. मग खिशातलं फडकं काढून त्यात ती नीट गुंडाळली आणि म्हणाला, "ही माझ्याकडं राहू द्या, सर. इथं नको."

सृष्टी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय चुकलं होतं दादा?"

"मटेरियल," तो म्हणाला. "मटेरियलच हलकं लागलं, ताई."

त्याच्या लक्षात आलं नाही असं दिसतं. परीक्षेतही तो कच्चाच होता.

हे वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. खोडणार होतो. खोडत नाही.

२१ जून, शनिवार

सृष्टीने या वेळी विचारलं नाही. गाडी दारात लावली आणि म्हणाली, चला. सुवर्णा आधीच चपला घालून उभी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. अंगठा आणि बोट पटपट जुळवायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं. मागून म्हणाल्या, "काका, उजवा हात हलत नाही चालताना." हलत नाही? मग कागदावर एक वाक्य लिहायला सांगितलं. मी "माझे नाव नवनाथ गांगुर्डे, राहणार नाशिक" असं लिहिलं. 'नाशिक'पर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. मी म्हणालो, तुमचं पेन बरोबर नाही. त्यांनी दुसरं दिलं. मग तिसरं.

वास येतो का, झोपेत बडबडता का, बटणं लावता येतात का? प्रत्येक प्रश्नाला सुवर्णाने उत्तर दिलं. मला वाटायचं घरातली ही गोष्ट वेगळी, ती गोष्ट वेगळी. सुवर्णाने सगळ्या एकामागून एक सांगितल्या, तारखांसकट. तिच्या डोक्यात वही होती.

पार्किन्सन. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

येताना गाडीत मी खिडकीशी बसलो. खरं सांगायचं तर मला आधी हलकं वाटलं. म्हणजे तो जोड मी बिघडवला नाही, आजाराने बिघडवला. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलपर्यंत हे समाधान टिकलं. मग आठवलं की ग्राइंडर आजाराने मारला नव्हता. लांबी आजाराने भरली नव्हती. रंगाचे दोन हात दिले तेव्हा हात काय करतोय हे मला पक्कं माहीत होतं.

२४ जून, मंगळवार

एकटाच रिक्षाने गोटीरामच्या वर्कशॉपला गेलो. त्याला शेडच्या बाहेर बोलावलं.

"गोटीराम, ते मटेरियल नव्हतं."

"माहीत हाये, सर."

"कधी कळलं?"

"हातात घेतल्या घेतल्या. वेल्डिंग कुठं बसलं नाय ते वळखायला तुम्हीच शिकवलं ना."

"मग फोनवर स्वतःचं नाव का घेतलंस?"

"दवाखान्यात, त्या बाईसमोर, तुमचं नाव कसं घेऊ?" मग पायाने जमीन उकरत म्हणाला, "सर, तुम्ही चार मेला आला ना, तवा कप बशीत वाजत होता. मी बघितलं. म्हणालो मी मारून देतो. तुम्ही नाय म्हणालात. आणखी एकदा म्हणायला पायजे होतं मी. पट्ट्या तुमच्याकडं द्यायलाच नको होत्या. तुम्ही रिक्षात बसला तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"मग का नाही बोललास?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "तुम्ही सर हायेत," म्हणाला.

माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

२८ जून, शनिवार

सृष्टी आल्या आल्या तिला आणि सुवर्णाला समोर बसवलं आणि सांगितलं. चौथा जोड, ग्राइंडर, लांबी, रंग. सिव्हिलमध्ये गप्प राहिलो तेही.

मला वाटलं सृष्टी चिडेल. ती रडायला लागली.

"मला माहीत होतं," म्हणाली.

"वेल्डिंगचं?"

"वेल्डिंगमधलं मला काय कळतं? तुमच्या हाताचं माहीत होतं, पप्पा. मार्चपासून. आईला मीच म्हणाले होते, एकदम नको सांगायला, खचतील. म्हणून गाडी दिली तुम्हाला. म्हटलं काम हातात असलं की बरं वाटेल. आणि त्या दिवशी त्या रंगाखाली अंगठ्याला खड्डा लागला मला. लागला होता. तरी चाक चढवलं आणि तेवीस-चोवीस दिवस घाट चढले-उतरले. रोज मागे विठाबाई असायची."

सुवर्णा म्हणाली, "मी पण बघत होते ना. मी कुठे बोलले?"

आम्ही घरातली एवढी तीन माणसं, चौथा गोटीराम. सगळ्यांना दिसत होतं, सगळ्यांना माझी माया. पडली मात्र विठाबाई.

"तिला सांगायला हवं," सृष्टी म्हणाली.

"मी सांगतो."

२९ जून, रविवार

जीप गोटीरामकडे. आता चाक दारावर लटकवायचंच नाही असं ठरलं. बंपरमधून वेगळा दणकट हात काढून त्यावर टेकवायचं, म्हणजे दाराला फक्त उघडबंद करायचं काम. गोटीरामची कल्पना. माझ्यापेक्षा चांगली आहे.

माझ्यासाठी त्याने खुर्ची ठेवली होती. काच डोळ्यांपुढे धरून मी बघत बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवला होता, म्हणजे कमी हलतो. बॅटरीची वायर आधी काढली का, हे विचारायची गरज पडली नाही, त्याने काढली होती. असं एकेक करून माझे सगळे प्रश्न संपले.

एक सांधा संपवून त्याने काच वर केली. "सर, बघा. चालंल?"

वाकून पाहिलं. कडेला बारीक खाच राहिली होती. जेमतेम केसाएवढी.

"नाही," मी म्हणालो. "घासून काढ. परत मार."

"व्हय सर," म्हणाला आणि ग्राइंडर घेऊन बसला. ना तोंड पाडलं, ना काही. चुकलं म्हणणं आणि ते ऐकणं एवढं सोपं होतं.

६ जुलै, रविवार

सृष्टीबरोबर पेठला गेलो. घाटातलं ते वळण आल्यावर तिने गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

विठाबाईचं घर पाड्याच्या टोकाला. हात गळ्यात, ओट्यावर बसून दुसऱ्या हाताने कसलंसं रजिस्टर भरत होती. डाव्या हाताने. समोरच खाचरं, चिखल करून तयार. झुंबर आणि त्याची बहीण भाताची आवणी करत, रोपं लावत होते, दोघंच. आजूबाजूच्या खाचरांत दहा-दहा माणसं.

मी उभ्यानेच सांगितलं. म्हणालो, तो जोड माझा होता. कच्चा झाला होता हे मला ठाऊक होतं. मी वरून रंग दिला. आजाराचं आधी सांगणार नव्हतो, पण हात तिला दिसतच होता.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. सृष्टी माझ्यामागे उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं. मग खाचराकडे बघत म्हणाली, "आवणीचं दिस आठच. रोपं पिवळी पडाया लागली. माझ्या हातची आवणी कोण करील, दादा?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारत होती.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. झुंबरने रोपांची एक जुडी हातात दिली. रोपं तीन-तीन वेगळी करून, मुळं बोटांनी चिखलात खोचायची. पहिली दोन ठिकाणी लागली. तिसऱ्याला बोटं उघडेनात. उघडली तेव्हा रोपं आडवी होऊन पाण्यावर तरंगली. ती उचलायला वाकलो तर आधी लावलेली पायाखाली गेली. झुंबरची बहीण मान वळवून बघत होती.

"दादा," विठाबाईने ओट्यावरून हाक मारली. "राहू द्या. निघा बाहेर. रोपं मोडत्यात."

मी लगेच बाहेर आलो.